जुळवणीच्या तीन ओळी

"सर, ही डिस्क भरली म्हणतीया," मालनताई म्हणाल्या. "अजून दीडशे कार्डं हाईत माझ्याकडं. ती कुठं कोंबू?"

सोमवार होता, साल चौऱ्याण्णव. मी लूना जिन्याखाली लावून नुकताच वर आलो होतो आणि अजून धड टेकलोही नव्हतो. मालनताई पोवार माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या होत्या, पण मला सर म्हणायच्या. का, तर प्रोग्रॅम मी लिहायचो आणि त्या तो चालवायच्या. तेविसाव्या वर्षी एखाद्याला सर म्हणू लागलं की त्याच्या डोक्यात काय वारं शिरतं, ते मी स्वतःवरून सांगू शकतो.

जागा कोल्हापुरातली. खाली डॉक्टर मुरलीधर हुपरीकरांचा दवाखाना आणि वर एका खोलीत त्यांचं सर्पदंश नोंद केंद्र. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, एक टेबल फॅन आणि कुणीतरी देणगी दिलेला जुना कॉम्प्युटर, एवढा संसार. डॉक्टरांचं म्हणणं असं, की साप चावलेली बरीच माणसं मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून ती कुठल्याच आकड्यात दिसत नाहीत. तेव्हा त्यांनी खेडोपाडीच्या आरोग्यसेविकांना हाताशी धरलं, छापील कार्डं दिली आणि पाच वर्षं चिकाटीने नोंदी करून घेतल्या. माणूस कोण, कुठे चावला, किती वेळाने कुणाकडे नेला, वाचला की गेला. एका माणसाचं एक कार्ड.

त्या कार्डांचं चीज व्हायची वेळ आता आली होती. पुढच्या सोमवारी मुंबईत एका समितीपुढे सगळे आकडे जायचे होते. ज्यांच्या नोंदी सर्वांत जास्त, असे दहा तालुके समिती निवडणार होती. निवडलेल्या तालुक्यात प्रत्येक उपकेंद्रावर एक छोटा फ्रिज आणि सापाच्या विषावरच्या इंजेक्शनांचा साठा मिळणार होता. बाकीचे तालुके भरून झाले होते, फक्त देवसडे राहिलं होतं. देवसडे म्हणजे घाटातला, आडबाजूचा तालुका. तिथल्या काही वाड्यांवरून इंजेक्शनापर्यंत पोचायला चार तास लागत. मालनताईंचं माहेर तिकडचंच होतं, म्हणून ती कार्डं त्यांनी हट्टाने स्वतःकडे घेतली होती.

मी फ्लॉपी पाहिली आणि लगेच कळलं. मालनताई कार्डं भरायच्या ती थेट फ्लॉपीवरच्या फाइलच्या शेवटी जाऊन बसायची. मग अधूनमधून त्या दुसरी कमांड द्यायच्या, ती सगळी कार्डं उपकेंद्रांप्रमाणे ओळीने लावायची. त्यासाठी माझा प्रोग्रॅम आधी शेजारी एक नवी, नीट लावलेली प्रत तयार करायचा आणि मग जुन्या फाइलच्या जागी ती बसवायचा. फाइल मोठी झाल्यावर जुनी आणि नवी अशा दोन प्रती एका फ्लॉपीत मावेनात.

"सोपं आहे," मी म्हणालो. "तात्पुरती प्रत फ्लॉपीवर न करता हार्ड डिस्कवर करतो. तिथे जागाच जागा आहे."

"मग आता ओळीनं लावायचं थांबवू व्हय?"

"परवापर्यंत थांबवा. भरणं चालू ठेवा. बुधवारी नवा प्रोग्रॅम आणून देतो."

"तुमाला काय, दहा मिन्टाचं काम," त्या कौतुकाने म्हणाल्या आणि परत टायपिंगला लागल्या.

दहा मिनिटांचंच होतं, हेच वाईट झालं.

इथे थोडं माझ्या कारागिरीबद्दल सांगायला हवं, कारण तेव्हा मी त्याबद्दल कुणालाही, न विचारता, सांगत असे. प्रोग्रॅम मी सी भाषेत आमच्या जुन्या कॉलेजातल्या युनिक्स मशिनवर लिहायचो. केंद्रातला कॉम्प्युटर डॉसवर चालायचा. समितीचे संख्याशास्त्री पुन्हा युनिक्सवाले. म्हणजे एकाच प्रोग्रॅमला दोन्ही घरी नांदवायचं होतं, आणि दोन्ही घरच्या रीती वेगळ्या. डिरेक्टरीच्या नावातली तिरपी रेघ एकीकडे उजवीकडे कलते, दुसरीकडे डावीकडे. ओळ संपली हे एक जण एका खुणेने सांगतो, दुसरा दोन खुणांनी. एकाकडे आयती मिळणारी सोय दुसऱ्याकडे नसतेच. यावर मी छोटी छोटी अकरा फंक्शनं लिहिली होती आणि ती 'जुळवणी' नावाच्या एका फाइलमध्ये ठेवली होती. मुख्य प्रोग्रॅमने फक्त काम सांगायचं, खालचं घर कुठलं आहे ते जुळवणीने बघायचं. त्यातलं एकही फंक्शन वीस ओळींच्या वर नव्हतं. चौगुले म्हणून कॉलेजच्या लॅबमध्ये सहायक होते, त्यांना मी ती फाइल किमान चार वेळा दाखवली असेल. ते दर वेळी "बरं आहे" म्हणायचे आणि मला वाटायचं, माणूस जळतोय.

त्या अकरांतलं सर्वांत छोटं फंक्शन तीन ओळींचं होतं. काम एवढंच, की नव्या फाइलला जुन्या फाइलचं नाव द्यायचं. युनिक्सवर नाव बदला म्हटलं की नवी फाइल जुन्या फाइलच्या जागी गुपचूप जाऊन बसते. डॉस मात्र अडून बसतो, त्या नावाची फाइल आधीच आहे म्हणतो. म्हणून माझ्या फंक्शनमध्ये डॉससाठी असं होतं: पहिल्या ओळीत जुनी फाइल पुसायची, दुसऱ्या ओळीत नवीला तिचं नाव द्यायचं, तिसऱ्या ओळीत काम झालं म्हणून परतायचं. पाच महिने ते बिनतक्रार चाललं होतं.

बुधवारी दुपारी मी नवा प्रोग्रॅम केंद्रातल्या कॉम्प्युटरवर चढवला. तात्पुरती प्रत कुठे करायची ती एक ओळ बदलली होती, बाकी काही नाही. मालनताई म्हणाल्या, "सगळी चारशे बारा झाली की संध्याकाळी एकदमच लावते." मी बरं म्हणालो आणि गेलो. एकदा चालवून बघावं असं मनात आलं नाही. आलं असतं तरी मी ते झटकून टाकलं असतं.

गुरुवारी सकाळी दहाला मी वर आलो तेव्हा मालनताई खुर्चीत नव्हत्या, खिडकीशी उभ्या होत्या. कॉम्प्युटर चालू होता.

"सर, देवसडं दिसंना झालंय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"फाइलच न्हाई. काल संध्याकाळी ओळीनं लावायची कमांड दिली, झालं म्हणून आलं, मी बंद करून घरी गेले. आज बघते तर फ्लॉपी रिकामी."

मी बसलो. फ्लॉपीतली यादी मागितली, तर ती कोरी. हार्ड डिस्कवर तात्पुरती प्रत शोधली, तीही नव्हती, कारण रुग्णांची नावं मागे राहू नयेत म्हणून काम झाल्यावर तिच्यावर शून्यं लिहून ती कायमची पुसायची व्यवस्था मीच केलेली होती. मग ते तीन ओळींचं फंक्शन माझ्या डोळ्यांपुढे आलं.

नाव बदलणं म्हणजे दारावरची पाटी बदलणं. त्याच घराची पाटी झटक्यात बदलते. पण आता नवी प्रत हार्ड डिस्कवर होती आणि जुनी फ्लॉपीवर. एका घरातलं सामान पाटी बदलून दुसऱ्या घरात जात नाही, ते उचलून न्यावं लागतं. मशिनने दुसऱ्या ओळीला सरळ 'नाही जमणार' असं सांगितलं असणार. माझ्या फंक्शनने ते ऐकलंच नव्हतं. ते न ऐकता 'झालं' म्हणून परत आलं होतं. आणि जुनी फाइल तर त्याआधीच, पहिल्याच ओळीत, पुसून झाली होती.

हे सगळं कळायला मला एक मिनिट लागलं नाही. अजून एक गोष्ट मला ठाऊक होती, ती म्हणजे डॉसमध्ये पुसलेली फाइल खरं तर पुसलेली नसते. तिचं नाव काढून टाकतात आणि तिची जागा मोकळी म्हणून लिहितात. अक्षरं तिथेच असतात, त्यांच्यावर दुसरं काही येऊन पडेपर्यंत. ती परत काढायचा एक छोटा प्रोग्रॅम चौगुल्यांकडे होता. तो आणायचा, फाइल परत आणायची, की झालं.

तेवढ्यात डॉक्टर वर आले. सकाळचे पेशंट सुरू व्हायच्या आत ते एक चक्कर टाकत.

"काय रे नेर्लेकर, चेहरा का उतरलाय?"

मी तोंड उघडायच्या आत मालनताई बोलल्या. "माझ्या हातनं झालं डॉक्टर. काल जाताना घाईत फ्लॉपी फॅनपाशी ठेवली होती, पाच मिन्टं. तुमी सांगितलं होतं, मोटारीजवळ ठेवायची न्हाई म्हणून. देवसडं गेलं."

डॉक्टर मान वळवून माझ्याकडे बघू लागले. "फॅनमुळे असं होतं का रे?"

तेव्हा फ्लॉप्या उठसूट खराब व्हायच्या. धूळ, दमट हवा, लोहचुंबक, कशानेही जायच्या, आणि ते सगळ्यांना पटायचं. मला खोटं रचावंही लागलं नाही. ते तयारच होतं, त्यावर फक्त मान डोलवायची होती.

"असं होऊ शकतं," मी म्हणालो.

मनात माझा हिशोब पक्का होता. दुपारपर्यंत फाइल परत आणायची. मग फ्लॉपी सुधारली म्हणायचं, मालनताईही सुटतील आणि मीही. उगाच आत्ता माझ्या जुळवणीची लक्तरं वेशीवर का टांगायची? वाईट कुणाचंच होत नव्हतं. झालंच तर मी सगळ्यांचा तारणहार ठरणार होतो.

"कार्डं?" डॉक्टरांनी विचारलं.

"शेवटची एकशे चाळीस हाईत माझ्यापाशी," मालनताई म्हणाल्या. "बाकीची दोनशे बहात्तर उपकेंद्रांना परत गेली. आठ दिवसांत परत करायचं कबूल केलं होतं आपण."

डॉक्टर खुर्चीत बसले नाहीत. पाठीमागे हात घेऊन एकदा खिडकीपर्यंत जाऊन आले. "देवसड्याशिवाय कागद गेले तर देवसडं यादीत नाही," ते म्हणाले. "एवढं आडरान, आणि तेच नसणार. नेर्लेकर, काही करता येईल का?"

"कॉलेजात एक प्रोग्रॅम आहे, त्याने फ्लॉपी तपासता येते. घेऊन येतो."

फ्लॉपीच सोबत न्यावी, हे सुचलं होतं. पण रुग्णांची नावं असलेला कागदाचा कपटासुद्धा केंद्राबाहेर जायचा नाही, असा डॉक्टरांचा नियम होता. परवानगी मागितली असती तर ते दहा प्रश्न विचारत, आणि त्यांच्या दहा प्रश्नांपुढे मी टिकलो नसतो. मी म्हणालो, "ही फ्लॉपी खराब आहे, बाजूला ठेवा," आणि जिना उतरलो. अकरा वाजले होते.

कॉलेजात लॅबमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. दार बंद, चौगुले आत. मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि वेळ सत्कारणी लावावा म्हणून कागदावर ते फंक्शन सुधारून लिहिलं. आता त्याच्या चौदा ओळी झाल्या. नाव बदललं का ते विचारायचं. नाही म्हटलं तर जुनी फाइल तशीच ठेवायची आणि मजकूर उचलून न्यायचा. लिहून झाल्यावर ते मला आवडलंही. खोटं कशाला सांगू, त्या बाकावर मला काळजी कमी आणि उत्साह जास्त होता.

तीनला परीक्षा संपली. चौगुल्यांनी कपाट उघडून तो प्रोग्रॅम असलेली फ्लॉपी शोधून दिली. मी त्यांना काय झालं ते सांगितलं, फक्त फॅनचा भाग वगळला.

"तुझ्या त्या जुळवणीत?" ते म्हणाले.

"हो."

"बरं आहे." मग त्यांनी विचारलं, "आणि ती फ्लॉपी कुठाय?"

"केंद्रात."

"त्यावर अक्षर लिहू नका म्हणून सांगून आलास ना?"

"खराब आहे, बाजूला ठेवा, असं सांगितलंय."

"ते नव्हे. लिहू नका म्हणून सांगितलंस का?"

चौगुल्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. "फोन कर आधी."

केंद्राचा फोन खाली दवाखान्यात, डॉक्टरांच्या टेबलावर होता. तो डॉक्टरच उचलणार, आणि त्या फ्लॉपीवर लिहू नका म्हटलं की का म्हणून विचारणार. मी रिसीव्हर उचलला आणि परत ठेवला. "मी जातोच आहे," मी म्हणालो. "लूनावर वीस मिनिटं लागतील."

चौगुल्यांनी फोन परत आपल्याकडे ओढला.

मी वर पोचलो तेव्हा मालनताई टाइप करत होत्या. शेजारी कार्डांचा गठ्ठा होता, भरलेली कार्डं पालथी घातलेली. कॉम्प्युटरच्या तोंडात फ्लॉपी होती आणि तिच्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"नव्वद झाली बघा," त्या वळून म्हणाल्या. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर जरा तरतरी होती. "तुमी गेल्यावर फ्लॉपी घालून बघितली म्हटलं, घेतीया का न्हाई. तर घेतीया की. फ्लॉपी चांगली हाय, सर. मंजे माझ्याच हातनं काही चुकीचं दाबलं गेलं आसणार. मग बसून काय करायचं? हाईत तेवढी तरी भरून ठेवावी म्हटलं. जेवायला पण गेले न्हाई."

"नवी फ्लॉपी का नाही घेतली?"

"नवी डॉक्टरांच्या कपाटात. कुठल्या तोंडानं मागू? आदीच एक घालवली."

मी त्यांना थांबायला सांगितलं. हात कीबोर्डवरून काढा म्हटलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले, शिक्षक ओरडल्यावर मुलं घेतात तसे.

मग मी सांगितलं. फॅनने काही झालेलं नाही, तुमच्या हातून काही दाबलं गेलेलं नाही, चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे, काल दुपारी मीच ती आणून बसवली. फ्लॉपीवर जुनी कार्डं सकाळी सगळीच्या सगळी शाबूत होती. तुम्ही भरायला लागलात तशी नवी कार्डं त्यांच्या जागेवर लिहिली गेली. तुमचं एक कार्ड आत गेलं की खालचं एक पुसलं जात होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पालथ्या घातलेल्या गठ्ठ्याकडे बघितलं.

"तुमाला हे कवा कळलं?"

"सकाळीच. तुम्ही दाखवलंत तेव्हाच."

"मग सकाळी का बोलला न्हाईसा?"

त्या रागावल्या नव्हत्या. पत्ता विचारावा तसं त्यांनी विचारलं होतं. लाज वाटली म्हणून, एवढंच खरं उत्तर होतं, आणि ते माझ्याने बोलवलं नाही. मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं आणि कॉम्प्युटरमधली फ्लॉपी काढून माझ्यापुढे ठेवली. "हे आणलंय न्हवं तुमी काहीतरी?" त्या म्हणाल्या. "बघा काय वाचतंय का."

डॉक्टरांना मीच खाली जाऊन सांगितलं. बाहेर सात-आठ पेशंट बसले होते. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुला काढून टाकायला पाहिजे," ते म्हणाले. "पण सोमवारपर्यंत दुसरा कोण आणू? जा वर, काय निघतं ते काढ."

त्यांनी मला पुढे कधी काढलं नाही. पण त्या दिवसानंतर माझ्या प्रत्येक उत्तरावर ते "नक्की?" असं विचारायचे. चार वर्षं विचारत राहिले, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

फाइलचा पुढचा भाग फ्लॉपीवर होता. शुक्रवार आणि शनिवार मी ती अक्षरं तुकड्या-तुकड्याने उचलली आणि कार्डं पुन्हा जोडली. परत गेलेल्या दोनशे बहात्तरांपैकी एकशे ब्याऐंशी मिळाली. गेली ती सुरुवातीची नव्वद, आणि सुरुवातीची म्हणजे अगदी आतल्या पाच उपकेंद्रांची. मालनताईंनी उपकेंद्रांना क्रमांक देताना माहेरच्या बाजूने सुरुवात केली होती.

शुक्रवारी सकाळी त्या पहिल्या एसटीने देवसड्याला गेल्या. पाच उपकेंद्रं म्हणजे पाच दिशा, आणि आतल्या बाजूला दिवसाला एकच गाडी. दोन ठिकाणच्या आरोग्यसेविका भेटल्या, तिघी फिरतीवर होत्या आणि कार्डं त्यांच्या पिशव्यांत. रविवारी दुपारी मालनताई बावीस कार्डं घेऊन परत आल्या. पायाला चप्पल घासून फोड आले होते. हातपाय न धुता त्या कार्डं वाचत बसल्या आणि मी ती नव्या फ्लॉपीवर भरली.

सोमवारी देवसड्याची तीनशे चव्वेचाळीस कार्डं गेली. सोबत डॉक्टरांचं पत्र होतं, अडुसष्ट कार्डं तांत्रिक चुकीमुळे हरवली आहेत, ती महिन्याभरात सादर करू, कृपया विचार व्हावा. समितीने विचार केला. उत्तर सभ्य भाषेत आलं, की हातात असलेल्या नोंदींवरच निर्णय घ्यावा लागतो, देवसड्याचा विचार पुढील वर्षी जरूर करू. यादीत दहाव्या आलेल्या तालुक्याची तीनशे एकाहत्तर कार्डं होती. आमची पुरती चारशे बारा गेली असती, तर देवसडं आत होतं. डॉक्टरांनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि परत घेऊन फाइलला लावलं.

पुढच्या वर्षी देवसड्याची निवड झाली. सगळ्या उपकेंद्रांवर फ्रिज आले, इंजेक्शनं आली, तिथल्या आरोग्यसेविकांना ती कशी द्यायची ते शिकवायला डॉक्टर स्वतः गेले. पण त्याआधी मधलं एक वर्ष होतं, आणि त्या वर्षाची कार्डं भरायची होती.

गठ्ठा आला तेव्हा मालनताईंनी तो सोडला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"ही तुमी भरा, सर," त्या म्हणाल्या. "मी वाचते."

त्र्याऐंशी कार्डं होती. त्या वाचत गेल्या: नाव, वय, गाव, तारीख, कुठे चावला, किती वेळाने कुठे नेला. मी भरत गेलो. वाचलेल्या माणसाचं कार्ड आलं की त्यांचा आवाज जरा भरभर जायचा. मधे एका नावाशी त्या थांबल्या.

"ह्या आमच्या वाडीतल्या," त्या म्हणाल्या. "वरच्या घरातल्या."

"थोडं थांबूया का?"

"नको. भरा तुमी."

कार्डाच्या तळाशी एक रकाना होता, इंजेक्शन मिळालं का, हो किंवा नाही. वर्षभरात देवसड्यात नऊ माणसं गेली होती. मालनताईंनी नऊ वेळा 'नाही' वाचलं आणि नऊ वेळा मी ते टाइप केलं.